शिल्लक बियाण्याचे पोहे

सेतू, परवा संध्याकाळी तुझ्या अक्काने, कमलाने, रेडिओ लावला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. नादस्वराची ओळखीची धून झाली, बैलांची घुंगरं वाजली आणि मारिमुत्तू खोकला. हुबेहूब तुझा खोकला. आधी घसा खाकरायचा, मग यंदा कालव्याला पाणी येईल असं काही मला वाटत नाही म्हणून कुरकुर करायची, ही तुझी रीत. कमला स्वयंपाकघराच्या दारात हातात पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. पुढच्या वाक्याला कळलं की हा कोइमतूरकडचा कोणी तरुण आहे. आवाज चांगला आहे. खोकला मात्र तुझा ठेवलाय, लोकांना सवय आहे म्हणून.

ज्यांनी तो कार्यक्रम ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मारिमुत्तू नावाचा एक कुरकुऱ्या शेतकरी असतो. शेतकी खात्याचा माणूस त्याला काही नवीन सांगायला येतो. मारिमुत्तू आधी नाही म्हणतो, शंका काढतो, टोमणे मारतो आणि शेवटी ऐकतो. इतकी वर्षं तो मारिमुत्तू तू होतास. तंजावर सोडून मद्रासला, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत येऊन राहिलेल्या मराठी घरातला, इस्त्रीची पँट घालणारा सेतुमाधवराव म्हणजेच मारिमुत्तू, हे कावेरीकाठच्या एकाही माणसाने खरं मानलं नसतं.

परवा त्या नव्या मारिमुत्तूला बियाण्याला चोळायच्या पावडरीची माहिती दिली गेली. किती भाताला किती घ्यायची, मडक्यात घालून ते कसं हलवायचं, नंतर हात कसे धुवायचे. मी नेहमीप्रमाणे आकडे कानानेच तपासले. सगळे बरोबर होते. मग परत नादस्वर वाजलं आणि कार्यक्रम संपला. तुझं वाक्य आलं नाही.

पेरण्या तोंडावर आल्या आहेत, सेतू. मला भीती वाटते. तुझ्याबद्दल लिहायला बसलो ते दुःखाने, असं लोक समजतील. दुःख आहेच. पण हातात लेखणी धरवली ती भीतीने.

तुझी नोकरी, तुझी पदं, तुला मिळालेली शाल, हे सगळं दिवसकार्याला आलेल्यांनी सांगितलं. ते मी लिहीत नाही. मला आपले रविवार आठवतात. तू येणार म्हटलं की कमला कॉफीचं डिकॉक्शन जास्त घट्ट काढायची. तू पुढच्या आठवड्याचं स्क्रिप्ट घेऊन यायचास आणि चटईवर पसरायचास. मी चेपाकच्या कचेरीत पेरणीखालच्या क्षेत्राचे आकडे गोळा करणारा माणूस. औंस, पौंड, एकर, आणि नंतर ग्रॅम आणि किलो आल्यावर त्यांचे, असे सगळे आकडे मी तपासून द्यायचे, असं आपलं ठरलेलं होतं. खात्यातले तज्ज्ञ विद्वान होते, पण स्क्रिप्टची नक्कल करणाऱ्याच्या हातून दशांशाचं टिंब कधी सरकेल याचा नेम नसायचा.

आकडे तपासून झाले की तू ते मोडायला घ्यायचास. औंस कुणाच्या घरात असतो, म्हणायचास. मग माप म्हणून काड्यापेटी. एकदा तू काड्यापेटीत चुलीतली राख भरून कोपऱ्यावरच्या सोनाराकडे वजन करायला घेऊन गेलास आणि मलाही ओढलंस. सोनाराने आपल्या दोघांकडे असं पाहिलं की अजून मी त्याच्या दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जातो. राख हलकी, पावडर जड, असं मी म्हणालो. सगळ्या काड्यापेट्या सारख्या नसतात, असंही म्हणालो. तू म्हणालास, "भावोजी, तुम्ही पावसाकडूनसुद्धा पावती मागाल." तो वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. माझं म्हणणं, माप चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. तुझं म्हणणं, न सांगितलेलं माप लोक आपल्या मनाने भरतात. आज मला वाटतं, तू जास्त बरोबर होतास. हे तुला ऐकायला फार आवडलं असतं.

ज्या दिवसापासून ही भीती सुरू झाली तो दिवस तुला वेगळा सांगायला नको. तरी लिहितो, कारण तो आपण तिघांनीच पाहिला आणि आता दोघंच उरलो.

आदल्या संध्याकाळी पावडरीचा कार्यक्रम पहिल्यांदा झाला होता. रोपं लहान असतानाच पानांवर डाग पडून करपतात, त्यावर ही पाऱ्याची पावडर नामी उपाय, आणि मारिमुत्तूने ती घेण्यापूर्वी इतके फाटे फोडले होते की खात्याचे साहेब स्वतः खूश झाले होते. सकाळी तू आमच्याकडे फराळाला आलास. कमलाने दडपे पोहे केले होते. तू घास उचललास आणि तोंडाशी नेता नेता थांबलास.

"अक्का," तू म्हणालास, "आजोळी पेरणी झाल्यावर भिजवलेलं भात उरायचं, त्याचं काय करायचे?"

कमला हसली. "काय करणार? पोहे. तूच नाही का पहिल्यांदा हात घालायचास त्यात?"

तू घास ताटात परत ठेवलास.

तिकडे पेरणीआधी बियाण्याचं भात भिजवून, पोत्यात दडपून मोड आणतात. पेरून झाल्यावर शेर दोन शेर उरतं. ओलं भात ठेवता येत नाही, टाकवत तर नाहीच. मग घरच्या बायका ते भाजून उखळात कांडतात, त्यात गूळ घालतात, आधी बांधावरच्या पिळ्ळैयारापुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे ठेवतात आणि मग पोरांच्या हातावर देतात. कुणी त्याला फराळ म्हणत नाही, कुणी जेवण म्हणत नाही. तो पेरणीचा प्रसाद. तज्ज्ञांना हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या पुस्तकात पेरणी बी जमिनीत गेलं की संपते. तू त्या प्रसादावर वाढलेला. तरीही मद्रासमध्ये बसून, शाई आणि कागदात बुडून, तुलाही ते सुचायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

तू मला विचारलंस, "काल आपण सांगितलं ते सगळं बरोबर होतं ना?"

मी म्हणालो, आकडे बरोबर होते.

"तेच म्हणतो मी," तू म्हणालास आणि चप्पल न घालताच निघालास. कमला चप्पल घेऊन जिन्यापर्यंत धावली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की रेडिओ ही काय चीज आहे. पत्र पाठवलं तर कुणाला पाठवलं हे माहीत असतं. माणूस पाठवला तर त्याला परत बोलावता येतं. रेडिओवर एकदा बोललेलं कुणाकुणाकडे गेलं ते बोलणाऱ्याला कळत नाही आणि परतही घेता येत नाही. तू रेडिओ केंद्रावर जाऊन म्हणालास, आत्ताच्या आत्ता सांगू या. तिथल्यांनी सांगितलं की आत्ता सांगून उपयोग नाही. पंचायतीच्या मंडपातल्या रेडिओला घड्याळ बसवलेलं असतं, बॅटरी वाचावी म्हणून. तो संध्याकाळी कार्यक्रमाच्या वेळेलाच जागा होतो. दिवसभर खेड्यांच्या दृष्टीने मद्रास मुकंच.

मग तू दिवसभर परवानगी मागत फिरलास. केंद्राने म्हटलं, खात्याने लिहून द्यावं. खात्याने म्हटलं, पाहू, पण अशाने लोक पावडरीलाच घाबरतील, वर्षभराची मेहनत वाया जाईल. ते काही वाईट लोक नव्हते, सेतू. त्यांनाही भीतीच वाटत होती, फक्त वेगळ्या गोष्टीची. संध्याकाळ झाली आणि तुझ्या हातात त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा मंजूर कागद होता तो खताच्या खड्ड्यावरचा.

मी आणि कमला इथे रेडिओपुढे बसलो होतो. खड्डा किती खोल खणायचा इथपर्यंत सगळं कागदाप्रमाणे झालं. मग मारिमुत्तू खोकला आणि म्हणाला, "आयांनो, ऐका. पावडर लावलेलं बियाणं उरलं तर पुरून टाका. पोहे कांडू नका. पिळ्ळैयारापुढे ठेवायलासुद्धा नको. तो रागावणार नाही, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय."  मग नादस्वर.

दुसऱ्या दिवशी तुला कागदाबाहेर बोलल्याचा मेमो मिळाला. तू तो मला दाखवलास तेव्हा तुझं लक्ष मेमोकडे नव्हतंच. तू विचारत होतास, काल सकाळी ज्यांनी पेरलं त्यांचं काय? आणि ज्यांच्या मंडपातली बॅटरी संपली होती त्यांचं?

त्यानंतर तू टपालाची वाट पाहत बसलास. केंद्रावर गावोगावची कार्डं येत, कुणाला बियाणं हवं असे, कुणाला मारिमुत्तूचं लग्न झालंय का ते हवं असे. पोह्यांबद्दल एकही आलं नाही. मी तुला धीर द्यायला म्हणालो, पत्र नाही याचा अर्थ काही झालं नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला माझीच लाज वाटली. मग तू विचारलंस, "भावोजी, एखाद्या तालुक्याचा आकडा आला नाही तर तुमच्या कचेरीत तक्त्यात काय लिहितात? शून्य?"

मी म्हणालो, नाही. रेघ मारतो. आकडा आला नाही म्हणजे पेरणी शून्य, असं धरायचं नसतं.

"मग इथे शून्य कशाला धरता?" तू म्हणालास. "ज्याने पोहे खाल्ले तो कार्ड लिहायला बसेल का?"

 मी पंचवीस वर्षं तीच रेघ मारत आलो होतो आणि तिच्यात माणसं असू शकतात हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कमला विचारत राहिली की पोटात दुखतंय का.

शेवटी तू रजा टाकून आजोळच्या बाजूला गेलास. परत आलास तेव्हा आमच्याकडे आधी आलास, घरी नंतर. तू सांगितलंस ते मी इथे तुझ्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो, पण तुझ्यासारखं मला सांगता यायचं नाही.

गावात जो तो म्हणाला, हो हो, ऐकलं आम्ही, पुरून टाकलं. पुरुष मंडळी सगळी. पाहुण्याला आवडेल ते उत्तर देण्यात आपली माणसं कुठे कमी पडतात? तुला बरं वाटायला लागलं होतं. मग कालव्याकाठच्या एका घरी म्हातारीने तुझा आवाज ऐकला आणि बाहेर आली. "तूच का रे तो रेडिओतला कुरकुऱ्या? माझ्या जावयासारखा किरकिरतोस," म्हणाली आणि हात धरून ओसरीवर बसवलं. केळीच्या पानावर गूळ घातलेले पोहे पुढे ठेवले. तू विचारलंस, कुठले हे? ती अभिमानाने म्हणाली, पेरणीचे.

तिने रेडिओ ऐकला होता, सेतू. तिच्या मुलाने पावडर लावली होती, तीही नेमकी मापात. आणि पोहे कांडू नका हे मारिमुत्तूचं वाक्यसुद्धा तिच्या कानावर गेलं होतं. पण ती म्हणाली, सात पाण्यांनी धुतलंय मी भात. रेडिओवरच सांगितलं होतं ना, पावडर लावल्यावर हात धुवा म्हणून? हाताची पाण्याने जाते तर भाताची का नाही जाणार?

आपलंच वाक्य. ते मी वाचलं होतं, तू बोलला होतास, तज्ज्ञांनी लिहिलं होतं. त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

तू पान उचललंस आणि कालव्यात रिकामं केलंस. आतला डबा मागून घेतलास, तोही ओतलास. म्हातारी प्रसाद पाण्यात टाकला म्हणून तुला शिव्या देत होती आणि तेवढ्यात पलीकडून बदकं आली. तरंगते पोहे पाहून सगळी धावली. तू कपड्यांसकट पाण्यात उतरलास आणि दोन्ही हातांनी पाणी उडवून त्यांना हाकायला लागलास. काठावर लोक जमले. त्यांना वाटलं, मद्रासच्या माणसाचं डोकं फिरलंय. तू हे सांगताना हसत होतास आणि तुझे दात वाजत होते. कमलाने तुला शाल दिली. ऐन उन्हाळी दुपार होती.

म्हातारीने आदल्या दिवशी खाल्ले होते. तिच्या नातवंडांनीही. त्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. तू मद्रासला येऊन डॉक्टरांना विचारलंस तेव्हा ते म्हणाले, थोडं पोटात गेलं तर लगेच काही दिसेलच असं नाही. तू त्या उत्तराने जास्तच घाबरलास. पुढे तू दोनदा त्या गावी गेलास. म्हातारी ठणठणीत होती आणि तुझ्याशी बोलत नव्हती.

तेव्हा कमला एक वाक्य बोलली होती. आपण दोघं पुढच्या वर्षी हे कसं सांगायचं याचा खल करत होतो, आणि ती पलीकडे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पुरुष पोहे कांडतो का कुठे? मंडपात बसून ऐकणार ते, आणि कांडणार ती. तिला कोण सांगतंय?" तू म्हणालास, मी आयांनो अशीच हाक मारतो की. ती म्हणाली, मारतोस. पण पुरुषाने आयांनो म्हटलं की बाई समजते, आता उपदेश येणार, आणि मुसळ चालूच ठेवते. आपण हसलो. मग विषय दुसरीकडे गेला.

त्यानंतर दरवर्षी पेरणीच्या आधी तू ते वाक्य बोललास. धुऊनही जात नाही, हेही त्यात घातलंस. कागदात ते कधी नसायचं. केंद्रावर मग कुणी मेमो दिला नाही, पण कुणी ते कागदात घातलंही नाही. मारिमुत्तूची लहर म्हणून चालून गेलं. त्यामुळेच ते तुझ्याबरोबर जाऊ शकलं. एखाद्या माणसाच्या भल्या सवयीवर इतके जीव टांगलेले असू नयेत, असं मी तुला म्हणायला हवं होतं की काय, याचा विचार करतो. तू म्हणाला असतास, मग भावोजी, तुम्हीच घाला कागदात.

दवाखान्यात शेवटी शेवटी तू मला विचारलंस, कालव्याला पाणी कधी सोडणार? मला वाटलं, तापात मारिमुत्तू बोलतोय. मी कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणालो, सोडतील. तू डोळे मिटलेस. आता वाटतं, तू पेरणीची तारीख विचारत होतास.

परवाच्या कार्यक्रमानंतर काल सकाळी मी केंद्रावर गेलो. समुद्राजवळच्या त्या इमारतीत मी तुझ्याशिवाय कधी गेलो नव्हतो. फाटकावरच्या माणसाने मला ओळखलं आणि आत सोडलं. अधिकारी सज्जन होते. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, डोळे पुसले. मी मुद्द्यावर आलो तेव्हा म्हणाले की पत्रकात छापलेलंच आहे, आणि पत्रक काढून दाखवलं. "औषध लावलेले बियाणे अन्न म्हणून वापरू नये." शुद्ध, ग्रांथिक तमिळ. मी म्हणालो, ती बाई ते अन्न म्हणून वापरतच नाही, प्रसाद म्हणून वापरते. शिवाय पत्रक वाचायला तिला अक्षर कुठे येतं? 

नवा मारिमुत्तू तिथेच बसला होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. त्याच्याकडे कापूस आणि ज्वारी पिकते, त्याला पोह्यांचं काहीच ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हातारीची आणि बदकांची गोष्ट सांगितली. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सार, मी परवा हात धुवा म्हणालो." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, आज संध्याकाळी मी बोलतो, सेतू सार बोलायचे तसं. अधिकारी म्हणाले, कागदात असेल तरच बोलायचं, पण लिहून आणा, मी खात्याला फोन करतो.

मी तिथेच लिहिलं. तीनच वाक्यं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून पाहिली, आणि मला कमला तांदूळ निवडताना जे म्हणाली होती ते आठवलं. मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, मारिमुत्तूला बहीण आहे का?

घरी येऊन विचारलं तर कमला आधी नाही म्हणाली. म्हणाली, भावाला जाऊन महिना झाला नाही आणि मी रेडिओवर नाटक करू? लोक काय म्हणतील? मग तिने विचारलं की पेरण्या कुठे सुरू झाल्या. मी कचेरीत ऐकलेलं सांगितलं, खालच्या भागात भात भिजत घातलंय. तिने उठून साडी बदलली.

 बसमध्ये तिचे ओठ हलत होते, बहुधा मंजूर झालेली तीन वाक्यं पाठ करत होती. स्टुडिओत तिला मायक्रोफोनपुढे उभं केलं तेव्हा तिने पदर खोचला, जणू उखळाशीच उभी आहे. मी काचेच्या या बाजूला होतो.  मला भीती होती की ती रडेल, किंवा विसरेल, किंवा त्या गुळगुळीत खोलीत तिचा आवाजच फुटणार नाही.

मारिमुत्तू खोकला. म्हणाला, आमची अक्का आली आहे तंजावरहून, तिचं काहीतरी म्हणणं आहे. आणि कमला बोलली. तीन वाक्यं म्हटली, जशीच्या तशी, आजोळच्या तमिळमध्ये, थोडी घाईत. मग थांबली. कागदावर आणखी काही नव्हतं. मारिमुत्तूने पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुन्हा बोलायला लागली.

"बायांनो, मुसळ जरा बाजूला ठेवा," ती म्हणाली. "हात धुवा म्हणतात ते हातापुरतं. हात पावडर पीत नाही. भात रात्रभर भिजतं, ते पितं. सात पाणी घाला, पंचवीस घाला, प्यालेलं बाहेर येत नाही. पोरं मागतील, रडतील. बाजारचे पोहे आणून द्या. पेरणीचे देऊ नका. माझा भाऊ दरवर्षी हे सांगायचा. यंदा तो नाही, म्हणून मी आले."

काचेआड अधिकाऱ्यांनी मान वर केली. त्यांचा हात आवाज तोडायच्या बटणाकडे गेला नाही. शेवटच्या वाक्याला नव्या मारिमुत्तूने कागद तोंडापुढे धरला होता. मग नादस्वर वाजलं.

आम्ही बाहेर आलो. समुद्राचा वारा होता, उकडलेल्या हरभऱ्याचं सुंडल विकणारे हाका मारत होते. कमलाचं पोलकं घामाने भिजलं होतं. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "ऐकलं असेल का हो कुणी?"

माझ्याकडे असल्या प्रश्नाला नेहमी काहीतरी उत्तर असतं. इतक्या पंचायती, त्यातल्या इतक्यांत रेडिओ, त्यातले इतके बंद. तिला धीर द्यायला एखादा अंदाज सांगता आला असता. पण तू माझ्याकडे एकदा ज्या नजरेने पाहिलं होतंस ती मला पुन्हा नको होती.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

ती थांबली. पदराने तोंड पुसलं. "मग उद्या परत सांगायला हवं," म्हणाली, आणि इमारतीकडे वळली. अधिकारी घरी जायच्या आत त्यांना गाठायचं होतं. मीही तिच्या मागोमाग भराभर चालायला लागलो.